आखणीचा हात

मला कुणी 'तू फार धीराची हो' म्हटलं की माझं डोकं फिरतं. धीर कसला डोंबलाचा. खुर्चीत बसवतात, हाताला सलाईन लावतात आणि चार-पाच तास हलू देत नाहीत, त्यात मी काय पराक्रम केला? पण माणसं म्हणतातच. रोह्याला आमच्या आळीत म्हणतात, पेणला माहेरी म्हणतात, रामवाडीच्या स्टँडवर एक अर्धवट ओळखीची बाई माझा हात धरून म्हणाली आणि वर डोळ्याला पदर लावला. तिची एसटी लागली म्हणून मी सुटले. आजाराने दमवलं नाही इतकं मला ह्या बायांनी दमवलं.

दुसरं एक वाक्य ऐकून ऐकून कान किटले. 'तुझा तर चांगल्यातला कॅन्सर आहे.' लिम्फोमा म्हणजे चांगल्यातला, औषधाने जाणारा. बाजारात वांगी दाबून बघून घेतात तसा मी हा निवडून आणलाय जसा काही. माझी नणंद घरात पाय ठेवल्या ठेवल्या हेच बोलली, आणि तहान लागली तेव्हा मी पुढे केलेला पेला तसाच ठेवून तिने पिशवीतून स्वतःची बाटली काढली. मी म्हटलं, चांगल्यातला हाय ना, मग पी की माझ्या पेल्यातून. ती उठून गेली ती तीन महिने फिरकली नाही. तेवढीच शांतता मिळाली.

आता मी कोण ते सांगते. माझं माहेर पेणचं, गणपतीच्या कारखान्याचं. सासर रोह्याचं. नवरा धाटावला कंपनीत, शिफ्टची नोकरी. मुलगी लग्न होऊन कोलाडला. माझ्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पण त्यातलं एकही वर्ष असं नाही की जेठ लागला आणि मी पेणला गेले नाही. कारखान्यात आखणी मी करते. आखणी म्हणजे डोळे. मूर्ती साच्यातून निघते, घासली जाते, अंगाचा रंग बसतो, पितांबर होतं, मुकुटाला सोनेरी लागतं, तरी ती आंधळीच असते. मग ती माझ्या पुढ्यात येते. पापणीची वरची रेघ, खालची रेघ, बुबुळ, बुबुळात पांढरा ठिपका, मग भुवई. रेघ एका दमात ओढायची, श्वास धरून. मधे थांबलात की जोड दिसतो आणि देव रागावल्यासारखा दिसायला लागतो. हे काम माझ्या भावाला, दादाला, कधी जमलं नाही. बाबांनी त्याला दोन सीझन बसवला आणि मग त्याच्या हातातला ब्रश काढून माझ्या हातात दिला. मी तेव्हा बारा वर्षांची होते. मुंबईचे व्यापारी येऊन दादाला सांगायचे, आमच्या मूर्ती ताईकडूनच आखून द्या.

पण ह्याला आमच्या घरात काम कुणी म्हटलं नाही. बाहेरून आखणीवाला आणला असता तर तो कारागीर झाला असता. मी आले की म्हणायचे, ताई माहेरपणाला आलीय, जरा हातभार लावते. गौरी गेल्या की साडी द्यायचे. मलाही त्यात वावगं वाटत नव्हतं, खोटं कशाला बोलू. नाव नसलं तरी डोळे माझे असायचे, आणि ते मला पुरत होतं. माझ्या अंगात माझं म्हणण्यासारखं जे काही होतं ते उजव्या हाताच्या तीन बोटांत होतं. लोकांना माझ्या मानेतल्या गाठीत रस असतो. मी सांगतेय ते ह्या तीन बोटांचं.

गाठ सापडली ती आषाढात, काम भरात असताना. घाम पुसताना मानेवर कानाखाली काहीतरी टणक लागलं. दुखत नव्हतं. वहिनीने बघितलं आणि म्हणाली, "दाखव गो कुणाला तरी." मी म्हटलं, गणपती गेल्यावर बघू. पेणला सगळंच गणपती गेल्यावर असतं. दाढ ठणकू दे, पत्रा गळू दे, मुलीला बघायला पाहुणे येऊ देत, कारखानेवाल्यांच्या घरात उत्तर एकच. हा गाढवपणा माझा स्वतःचा होता. पुढे मी दुसऱ्यांना बोलणार आहे, म्हणून आधी माझं माप माझ्या पदरात घालून घेते.

गणपती गेले तोवर एका गाठीच्या चार झाल्या होत्या. संध्याकाळी ताप, झोपेत घाम, ब्लाऊज ढगळ व्हायला लागलेले. डॉक्टरांनी टीबीची गाठ धरली आणि टीबीच्या गोळ्या चालू केल्या. महिनाभर त्या गिळल्या. लघवी लाल झाली, गाठी होत्या तिथेच. मग एक अख्खी गाठ कापून तपासायला पाठवली आणि दिवाळीचा फराळ डब्यात असतानाच नाव कळलं.

सहा वेळा औषध घ्यायचं ठरलं, दर एकवीस दिवसांनी, नवी मुंबईतल्या हॉस्पिटलात. रोह्याहून लांब पडतं म्हणून मी पेणला दादाकडे राहिले. त्या दिवशी नवरा रोह्याहून सकाळच्या गाडीने पेणला यायचा आणि आम्ही तिघं दादाच्या गाडीतून जायचो. केस गेले, त्याचं मला फारसं काही वाटलं नाही. बायका आपल्या केसांवरून हात फिरवत माझ्या डोक्याकडे बघायच्या, ते मात्र वाटायचं. तोंडाला चव राहिली नाही, वहिनीने भाजलेल्या पोह्याच्या पापडाच्या वासानेसुद्धा मी मोरीकडे पळायचे. ह्यातलं सगळं मी सहन केलं, कारण दुसरा इलाज नव्हता. धीर वगैरे काही नव्हता.

तिसऱ्या वेळेनंतर बोटांच्या टोकांना मुंग्या यायला लागल्या. आधी वाटलं सलाईनमुळे असेल. मग मुंग्या गेल्या आणि बोटं बधिर झाली. ब्लाऊजचा हूक लागेना. तांदूळ निवडताना खडा डोळ्यांना दिसायचा, बोटांना कळायचा नाही. मी नर्सला सांगितलं, तिने लिहून घेतलं. चौथ्या वेळी डॉक्टर आले त्यांना सांगितलं. त्यांनी मला डोळे मिटायला लावून बोटांना टाचणीने टोचून बघितलं. मी दोन ठिकाणी चुकले. 'बघू या, करू काहीतरी,' म्हणाले. थोड्या वेळाने मी खुर्चीत अडकलेली असताना माझ्या नातेवाइकांना आत बोलावलं. नवरा आणि दादा गेले. दहा मिनिटांनी बाहेर आले. मी विचारलं, काय म्हणाले?

"काय नाय," नवरा म्हणाला. "सगळं बराबर चाललंय."

"माझ्या बोटांचं?"

"ते जाईल हळूहळू."

दादा पाण्याची बाटली भरायला गेला. बाटली भरलेलीच होती, पण तेव्हा मला त्यात काही खुपलं नाही. पाचवं झालं, सहावं झालं. मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर पेनाने डोळे काढून बघायचे. रेघ निघायची, पण वाटेत उडी मारायची. कागद फाडून मी चुलीत घालायचे, कुणी बघायच्या आत.

चैत्रात स्कॅन चांगला आला. गाठ नाही, काही नाही. दादाने पेढे वाटले. शेजारची एक म्हातारी मला म्हणाली, "देवानंच वाचवलं गो तुला. तू त्याला येवढे डोळे दिलेस." मी म्हटलं, डोळे दिले म्हणून त्याने बोटं घेतली वाटतं. म्हातारीने कानांना हात लावले. वहिनी मला आत घेऊन गेली आणि म्हणाली, असं बोलू नये. काय बोलावं ह्याची यादी एकदा ह्या लोकांनी मला लिहून द्यावी.

जेठात मी कारखान्यात बसले. खिडकीशी माझा पाट, बाजूला रंगाच्या वाट्या, शून्य नंबरचा ब्रश. ब्रश हातात आहे हे मला बघूनच कळायचं. कळावं म्हणून मी तो इतका घट्ट धरायचे की मनगटात कळ यायची. पहिल्या दिवशी सहा मूर्ती घेतल्या आणि चार पुसल्या. दादा म्हणाला, "घाई कशाला? तुझ्या सवडीने कर." दुसऱ्या दिवशी आठ. मग रोज दहा करायला लागले. आखताना मला त्या वाईटच वाटायच्या. पण सकाळी मांडणीवर बघितल्या की बऱ्या दिसायच्या. एकदा तर रेघ अगदी पूर्वीसारखी, वरच्या पापणीला तो हलका बाक, बाबांना आवडायचा तसा. मला वाटलं, ओला रंग फसवत असेल, वाळल्यावर बरं दिसतंय. मी वहिनीला म्हटलं, सुधारतंय हां. ती भाजी चिरत होती, मान वर न करता व्हय म्हणाली. त्या रात्री मी दोन घास जास्त जेवले. आज आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

औषधानंतर मला दुपारी झोप लागायची, म्हणून जेवण झालं की मी घरात जाऊन आडवी व्हायचे आणि चार वाजता उठायचे. पंधरा-एक दिवसांनी एकदा झोप आलीच नाही. मी उठून कारखान्याच्या मागच्या शेडमध्ये गेले, माती भिजवतात तिकडे. तिथे एक माणूस पाटावर बसला होता. मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. त्याच्यापुढे माझ्या सकाळच्या मूर्ती ओळीने मांडलेल्या होत्या. फडकं घेऊन तो एकेकीचे डोळे पुसत होता.

मला त्याने घरातली कुणी समजलं असावं. म्हणाला, "कुणी नवी बाई बसवलीय म्हणं पुढं. हात ठरत नाय तिचा. रोजच्या दहा पुसायला लागतात." आणि हसला. चांगला माणूस होता, जवळच्या हमरापूरचा, तिथेही गणपतीचेच कारखाने. त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं, त्याच्यावर माझा राग नाही.

मी उभी राहून बघितलं. त्याने श्वास धरला, रेघ ओढली. सरळ, एका दमात, शेवटी बाक देऊन. त्याचे डोळे चांगले होते. वाईट असते तर मी फडकं हिसकावून घेतलं असतं आणि तिथेच भांडले असते. चांगल्या रेघेशी काय भांडणार?

पुढच्या शेडमध्ये दादा व्यापाऱ्याशी फोनवर बोलत होता. मी फोन संपेपर्यंत थांबले आणि विचारलं, "मागं कोण बसलाय?"

त्याचा चेहरा उतरला. "तुला वाईट वाटंल म्हणून नाय सांगितलं गो."

"आता काय वाटतंय मला, सांग."

"अगो, तू आजारातनं उठलीस. बसू दे म्हटलं, हौस हाय तिची."

हौस. चौतीस वर्षं ज्या हातावर ह्याच्या कारखान्याचं नाव चाललं, ती हौस. मी बोलायला लागले आणि थांबलेच नाही. साच्यांवर काम करणारी माणसं एकेक करून बाहेर सटकली. मी त्याला म्हटलं, तू मला पंधरा दिवस येडी बनवलंस, मला भातुकली मांडून दिलीस, आणि सगळ्या कारखान्याला ते माहीत होतं. वहिनी आतून धावत आली. दादा चारी बाजूंनी अडकला आणि चिडला, आणि चिडण्याच्या भरात बोलून गेला, "आमी काय मुद्दाम केलं व्हय? डॉक्टर तेव्हा म्हणलेच होते, इंजेक्शन कमी करता येईल म्हणून. आमी तुझा जीव बघितला."

आणि मग त्याने जीभ चावली, पण शब्द निघून गेले होते.

बाकीचं मी त्याच्याकडून ओढून काढलं. डॉक्टर त्या दोघांना म्हणाले होते, बोटं बधिर होताहेत ती ह्या एका औषधाने. पुढच्या दोन वेळा ते कमी देता येईल किंवा थांबवता येईल. उपचारात थोडं उणं पडेल, कदाचित पडणारही नाही. पूर्ण दिलं तर बोटं परत येतील ह्याची खात्री नाही. मग त्यांनी विचारलं, पेशंट काय काम करतात? बोटांचं बारीक काम असतं का? नवरा म्हणाला, नाही, घरीच असते. डॉक्टर म्हणाले, मग पूर्ण देऊ या. इतकंच. माझ्या हाताचा निकाल चहा थंड व्हायच्या आत लागला.

"आणि तू?" मी दादाला विचारलं.

तो मांडणीवरची एक मूर्ती उगाच पुढे-मागे करायला लागला.

"तू काय म्हणालास तिथं? सीझनला कोण बसतं तुझ्या पाटावर, हे तुला माहीत नव्हतं?"

"नवरा बोलल्यावर मी मधे काय बोलू?" म्हणाला.

वहिनी म्हणाली, मी ह्यांना तेव्हाच सांगितलं होतं, तिला एकदा विचारा. म्हणजे तिलाही माहीत होतं. सहा महिने मला ताकभात कालवून देणाऱ्या बाईलाही माहीत होतं. तिच्याकडे बघणंसुद्धा मला जिवावर आलं होतं.

मी नवऱ्याला फोन करून सांगितलं, उद्या सुट्टी आहे ना, मला न्यायला या. दुसऱ्या दिवशी तो आला. दादाच्या घरात मी नवऱ्याचा चहासुद्धा होऊ दिला नाही. रामवाडीला जाऊन रोह्याच्या एसटीत बसलो. वडखळला गाडी अडकली, तिथे अडकतेच. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, इंजिन बंद. उतरून कुठे जाता येत नाही अशी जागा मला हवीच होती.

मी म्हटलं, "मी काय काम करते?"

त्याला लगेच कळलं. दादाने फोन केला असणार. तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "त्या टायमाला मी घाबरलो होतो. ते विचारत होते, मला सुचलंच नाय काय. तोंडाला आलं ते बोललो."

"तोंडाला घरीच असते आलं. जेठापासून भादव्यापर्यंत तुम्ही शेजारच्या काकींकडे जेवता, तेव्हा मी कुठं असते वाटतं तुम्हाला?"

"हळू बोल."

पुढच्या सीटवर दोन बायका होत्या. त्यांच्या पिशवीत भुईमुगाच्या शेंगा होत्या, एकीने सोलायच्या थांबवल्या. मी हळू बोलले नाही. मी म्हटलं, माझ्या अंगातलं रक्त काढताना मला विचारून काढत होते, सही घेत होते. हात काढून घेताना विचारावंसं नाही वाटलं? तो म्हणाला, मला तू पाहिजे होतीस, बोटांचं मी काय करू? हे तो खरं बोलत होता. त्याचा आवाज फाटला. दुसरी कुणी असती तर तिथे विरघळली असती, पण मी नाही विरघळले. मी म्हटलं, तुम्हाला मी पाहिजे होते हे मला कळतं. मला काय पाहिजे होतं ते तुम्ही विचारलं नाही.

गाडी हलली. नागोठणं गेलं. मग त्याने विचारलं, खालच्या आवाजात, "बरं, इचारलं असतं तर काय म्हणाली असतीस?"

मी खिडकीकडे तोंड केलं. उत्तर मला शोधायला लागलं नाही, ते आदल्या दुपारीच, त्या माणसाची रेघ बघताना आलं होतं. मी म्हणाले असते, पूर्ण द्या. मला जगायचं होतं. नातवंडं बघायची होती, भांडायचं होतं, पुढचे दहा सीझन दादाच्या चुका काढायच्या होत्या. मी एक दिवस रडले असते आणि मग पूर्ण द्या म्हणाले असते. दादाला सांगितलं असतं, हमरापूरचा कुणीतरी बघ. त्या माणसाला मी स्वतः पाटावर बसवलं असतं, वरच्या पापणीचा बाक कसा द्यायचा ते दाखवलं असतं आणि ब्रश त्याच्या हातात दिला असता. शेवटचा डोळा कुठला ते मला कळलं असतं. माझं काम मागच्या शेडमध्ये फडक्याने पुसलं गेलं नसतं.

तेव्हा ते दोघं चुकले असंही मला म्हणता येत नाही, आणि ह्याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो.

बोटं आहेत तशीच आहेत. डॉक्टर म्हणतात अजून वर्षभर थांबून बघा. नवरा आता भाजी चिरतो, माझ्या ब्लाऊजचा हूक लावून देतो, न सांगता. आणि अधूनमधून, जेवताना किंवा शिफ्टवरून आल्यावर, तोच प्रश्न परत विचारतो. विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस? त्याला झोप लागत नाही असं तो लेकीजवळ बोलला, तिने कोलाडहून मला फोनवर सांगितलं. पूर्ण द्या म्हणाले असते, एवढं बोलले की माझा नवरा त्याच रात्री शांत झोपेल. मी त्याला भात वाढते, आमटी वाढते, आणि सांगत नाही.